केळफुलातली काडी

बंगालमधल्या आमच्या मराठी मंडळाची मिटिंग बालीगंजला उदय गद्रे यांच्या घरी होती. गणपतीच्या जेवणाचं पान ठरवायचं होतं. चिटणीस मधुवंतीबाई मोबाइलवरून यादी वाचत होत्या. वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, पनीर, कोशिंबीर, पुरी, श्रीखंड, मोदक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "केळफूल राहिलं."

 उदयरावांनी चहाचा कप उचलला आणि परत खाली ठेवला.

केळफुलाची भाजी माझी बायको करायची. कालिंदी. सव्वीस वर्षं केली. ती गेल्या वर्षी आषाढात गेली. वर्षाच्या आत सण करत नाहीत म्हणून गेल्या गणपतीला मी गेलो नव्हतो. त्या पानात केळफूल नव्हतं, एवढं माझ्या मुलीने, मुग्धाने, सांगितलं होतं. एका वर्षाचं मी मनावर घेतलं नाही. पण आता यादी पुरी वाचून झाली आणि त्यात काही राहिलंय असं एकालाही वाटलं नाही, ते मला लागलं.

मधुवंतीबाई वाईट नाहीत. नोकरी सांभाळून मंडळाचं बघतात. त्या म्हणाल्या, केटरर केळफूल करत नाही, त्यांनी विचारून पाहिलं होतं. साठ माणसांचं साफ करायचं म्हणजे दोन दिवस जातात, आणि आता सगळ्यांच्या घरी दोघंही कामावर. त्याऐवजी काकूंचा फोटो जेवणाच्या टेबलाजवळ ठेवू, हार घालू, असं त्यांच्या मनात होतं.

"फोटो नको," मी म्हणालो. "भाजी ठेवा."

"पण काका, करणार कोण?"

"मी."

उदयराव हसले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मंडळाचे अध्यक्ष. "श्यामकांतराव, ते नटबोल्ट नव्हेत."

मी सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो, फोरमन होऊन बाहेर पडलो. मंडळात बाकीचे बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले, आता कॉम्प्युटरवाले. हा विनोद मी पूर्वीही ऐकलेला होता. मी म्हणालो, "नटबोल्टच आहेत. एकेका फुलातून एक पिन काढायची असते. ते मला येतं."

येत नव्हतं. सव्वीस वर्षं मी ते खुर्चीत बसून पाहिलं होतं.

मधुवंतीबाईंनी यादीत टाइप केलं, केळफूल, कंसात बेंद्रे काका. मग त्यांनी सरळ सांगितलं की बटाटा आणि पनीर बॅकअप म्हणून राहतीलच. आणि या वेळी नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून केटररचं ठरलेलं पान कायम करू, म्हणजे दर वर्षी हा विषय निघणार नाही. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटल्यासारखं दाखवावं लागलं.

मुग्धा तिथून जवळच राहते. ती मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला एकदा तरी केळफूल सोलू लागलात?"

मी नाही म्हणालो.

"मग कशाला बोलून बसलात?"

गाडी आली, मी चढलो.

*

मी राहतो त्या बराकपूरच्या स्टेशनबाहेर, सायकल स्टँडला लागून शोभा बसते. भाजीवाली. पन्नाशीची असेल. जमिनीवर पोतं, पोत्यावर तिची बोंटी, म्हणजे बंगाल्यांची उभ्या पात्याची विळी. केळफुलाला इथे मोचा म्हणतात. कामावर जाणाऱ्या बायकांना वेळ नसतो म्हणून शोभा मोचा चिरून पिशव्या भरून ठेवते. कालिंदी तिच्याकडूनच फुलं घ्यायची, पण अख्खी.

गुरुवारी सकाळी मी तिला पंधरा फुलं मागितली. तिने मान वर करून बघितलं. म्हणाली, बौदी पंधराच न्यायच्या. बौदी म्हणजे वहिनी. मग विचारलं, चिरणार कोण. मी सांगितलं. तिने शेजारच्या मासेवाल्याला हाक मारून ते ऐकवलं. दोघं हसले.

ती म्हणाली, मीच चिरून देते. मी तिची एक तयार पिशवी उघडून फुलं तळहातावर घेतली. चारांत एक काडी तशीच होती.

केळफूल ज्यांनी साफ केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरची जांभळी पानं एकेक उलगडायची. प्रत्येक पानाखाली फुलांची एक ओळ असते, बारीक पिवळसर. प्रत्येक फुलाच्या पोटात एक ताठ काडी असते, डोक्याला किंचित जाड, आणि बुडाशी एक पारदर्शक पापुद्रा. ही दोन्ही शिजत नाहीत. कितीही शिजवा, दाताखाली येतात. दोन्ही काढायची, मग फूल चिरायचं, ताकात रात्रभर ठेवायचं म्हणजे तुरटपणा जातो. एका केळफुलात अशी दोनशेच्या आसपास फुलं निघतात. आतला पांढरा गाभा तेवढा सरसकट चिरता येतो.

मी शोभाला काडी दाखवली. "हा माल रिजेक्ट."

"दादा, बाजारात काडी कोण बघतं? ज्याला बोचेल तो थुंकेल."

मी अख्खी पंधरा घेतली. दोन पोती झाली. रिक्षात ठेवताना ती मागून म्हणाली, दुर्गापूजेपर्यंत होईल तुमचं.

*

भाद्रपदात इथे ऊन नसलं तरी घाम येतो आणि पंख्याखाली सुकत नाही. मी स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र अंथरलं, कालिंदीचा पाट घेतला, तिची विळी घेतली. गुडघे वाकवून बसायला दोन मिनिटं लागली. हाताला तेल चोळलं. ते तेवढं मला माहीत होतं.

पहिल्या फुलाची काडी बोटाने निघेना. बोटं जाड, नखं बारीक कापलेली. मी उठलो, पेटीतून चिमटा आणला. चिमट्याने काडी मधोमध तुटायची, बूड आत राहायचं. मग लहान पक्कड आणली. पकडीत फूलच चिरडायचं. तासाभराने दोन्ही हत्यारं बाजूला ठेवली. कालिंदी कसं करायची ते डोळ्यांपुढे आणलं. ती फूल उघडत नसे. अंगठ्याने टोकाशी दाबायची, फूल आपोआप तोंड उघडायचं, मग काडीचं डोकं पकडून खाली नाही, बाजूला ओढायची. मी तसं केलं. काडी बुडासकट आली. पापुद्राही बरोबर आला.

चाळीस वर्षं मी पोरांना हत्यार धरायला शिकवलं. या कामाला हत्यार लागत नाही हे समजायला मला एक तास लागला.

पहिलं केळफूल व्हायला आणखी एक तास लागला. चीक बोटांना लागून काळा होत होता, तेलामुळे चिकटत नव्हता पण रंग जात नव्हता. दुपारी वीज गेली. मी बनियन काढून बसलो. पाठ भरून आली की भिंतीला टेकायचो. चार वाजता चहा केला तर कपाला बोटांचे काळे ठसे उमटले. संध्याकाळपर्यंत सहा केळफुलं झाली. शुक्रवारी सकाळी सहाला पुन्हा बसलो आणि दिवे लागायच्या आत उरलेली नऊ संपवली. गुडघा सुजला होता.

काम करताना एक गोष्ट सारखी आठवत होती. जेवताना भाजीत काडी लागली की मी ती तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवायचो. बोलायचो काही नाही. कारखान्यात खराब माल निघाला की आम्ही तो त्या मशीनवाल्यासमोर ठेवायचो, बोलायची गरज नसायची. ती सवय. हजारो फुलांतून एखादीच काडी राहायची. तेवढी मला बरोबर सापडायची, आणि कालिंदीला ताट उचलताना दिसायची. पुढच्या वर्षी ती आणखी वाकून बसायची.

चिरलेलं सगळं भिजत घालायला मोठं भांडं लागणार होतं. कालिंदीचं कल्हईचं पितळी पातेलं मांडणीवर वर होतं. तिने त्याला जुन्या साडीत गुंडाळून गाठ मारून ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, गणपती झाल्यावर. ती गाठ तिची होती. मी स्टुलावर चढलो, गाठीला हात लावला आणि खाली उतरलो. बाल्कनीत लोखंडी घमेलं होतं, घर दुरुस्त करताना आणलेलं. ते घासून धुऊन घेतलं, चिरलेलं त्यात घातलं, ताक ओतलं, वर ताट झाकलं. शनिवारी दिवसभर भिजू दे, मला शनिवारची विश्रांती, असा हिशेब केला होता.

शनिवारी सकाळी ताट उचललं. घमेल्यात डांबर होतं. ताक शाईसारखं झालेलं, त्यात फुलांचे काळे तुकडे. एक तुकडा जिभेवर ठेवला. गंजाची चव.

तुरट चीक आणि लोखंड. ताकाने आणखी जोर धरला. जन्म लोखंडात गेला माझा. लोखंडावर कसल्या पाण्याचा काय डाग पडतो हे मी बघून सांगायचो. आणि केळफुलाला लोखंडी भांडं चालत नाही हे कालिंदीने माझ्यासमोर शंभर वेळा कामवालीला सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं, कारण ते माझ्याशी बोलणं नव्हतं.

तेवढ्यात मुग्धाचा फोन आला. झालं का, विचारत होती. मी म्हणालो, चाललंय. ती म्हणाली, मधुवंती विचारत होती, नसेल होत तर आत्ताच सांगा, म्हणजे केटररला बटाटा वाढवून सांगता येईल. यात कमीपणा नाही बाबा.

मी तिला म्हणालो, बटाटा वाढवू नको म्हणावं.

घमेलं खाली नेऊन कचऱ्याच्या पेटीत रिकामं केलं. एक गाय आली, वास घेतला आणि निघून गेली.

*

शोभाकडे चारच फुलं होती. मी तिला झालेलं सांगितलं. मला वाटलं ती पुन्हा मासेवाल्याला हाक मारेल. तिने नाही मारली. लोखंडात, एवढंच म्हणाली आणि कपाळाला हात लावला. मग पोत्यावर ताडपत्री टाकली, मासेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उठली. सियालदहच्या घाऊक बाजारात नऊपर्यंत माल असतो, नंतर उरतो तो सुकलेला, असं म्हणाली.

आम्ही भाजीवाल्यांच्या डब्यातून गेलो. मी या गावात इतकी वर्षं राहून त्या डब्यात कधी चढलो नव्हतो. रिकाम्या टोपल्या, ओली पोती, छेन्याचं, म्हणजे ताज्या पनीरचं, पाणी गळतंय. एका बाईने मला खाली बसायला जागा केली. मी दांडीला धरून उभा होतो. शोभाची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं पेरापर्यंत काळी, नखांत काळं, तळहातावर रेषा छापल्यासारख्या उमटलेल्या.

ती म्हणाली, "फोरमनबाबूंचे हात बौदीसारखे झाले."

मी हात खाली घेतले.

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. केळफुलं चिरून झाली की त्याच संध्याकाळी कालिंदी तिच्याकडे लिंबं न्यायला यायची. खायला नाही, हात घासायला. लिंबाने नाही गेलं तर राखेने, राखेने नाही तर कपड्याच्या ब्लीचने. एकदा बोटांची सालं निघालेली शोभाने पाहिली होती. विचारलं तर कालिंदी म्हणाली, आधी मंडळात जायचं, मग कारखान्यात विश्वकर्मापूजा आली, साहेबांच्या बायका असतात, आमच्या बाबूंना बरं दिसत नाही.

इथल्या कारखान्यांत विश्वकर्मापूजा मोठी असते. बहुतेक वर्षी ती गणपतीच्या मागेपुढेच येते. मी फोरमन झालो त्या वर्षीच्या चहाला कालिंदीचे हात असे होते, आणि वर्क्स मॅनेजरच्या बायकोने ते पाहिले होते. घरी येताना मी म्हणालो होतो, लोकांना वाटेल मी तुला कोळसे फोडायला लावतो. एकदाच म्हणालो होतो. पुढे दोनतीन वर्षांनी ती पूजेला यायचीच बंद झाली. डोकं दुखतं म्हणायची. मला ते सोयीचं वाटलं होतं.

शोभाने हे काही मला बोल लावायला सांगितलं नाही. बोलता बोलता सांगितलं आणि सियालदह आलं म्हणून उतरायला लागली.

बाजारात ती माझ्या पुढे चालत होती. फूल हातात घेऊन वजन बघायची, देठाशी नख मारायची. मी उचललेली दोन तिने परत टाकली. कडू जात आहे म्हणाली. अकरा फुलं निवडली. एक पोतं तिने डोक्यावर घेतलं, एक मी खांद्यावर घेतलं. साडेदहाला आम्ही बराकपूरला परत.

*

बारा वाजता दाराची बेल वाजली. शोभा उभी होती, हातात तिची बोंटी फडक्यात गुंडाळलेली. दुकान आवरून आली होती. मी म्हणालो, मी एकटा करतोय. ती म्हणाली, ते पाहिलं. तुम्ही पुन्हा काही केलंत तर संध्याकाळी मलाच सियालदहला जावं लागेल, आणि संध्याकाळी तिथे काही मिळत नाही.

ती बसली आणि तिचे हात चालायला लागले. माझं एक व्हायच्या आत तिची तीन ओळी. मी तिच्या ढिगातून फुलं तपासायला लागलो. काड्या राहिलेल्या होत्या. मी त्या काढून तिच्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी.

तिने बोंटी थांबवली.

"दादा, हे असं पुढ्यात ठेवायचं नाही."

"काड्या राहतायत."

"मग तोंडाने सांगा. मी बहिरी नाही."

मी त्या तीन काड्या उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या.  मग मी तोंडाने सांगितलं. म्हणालो, आपण काम वाटून घेऊ. तू पानं उलगड, ओळी सोडव, गाभा चिर. काड्या मी काढतो, सगळ्या. चिरायचं शेवटी दोघांनी. कारखान्यात एका माणसाने अख्खं यंत्र जोडलं तर महिना लागतो, ओळीने दिलं तर दिवस. ती म्हणाली, म्हणजे घाण काम तुमचं. मी म्हणालो, हो.

मग काम पळालं. ती सोडवत होती, मी काढत होतो. माझा अंगठा आता फुलाशिवायही तसाच वाकत होता. ती तिच्या सुनेच्या गोष्टी सांगत होती, मी हूं म्हणत होतो. मध्ये मी भात आणि आमटी केली. तिने आमटीत गूळ कशाला म्हणून विचारलं आणि दोनदा घेतली. रात्री आठला शेवटचं केळफूल संपलं. तिने चिरलेल्यावर हात फिरवला आणि विचारलं, भिजवणार कशात. आता काय बादली आणणार?

मी मांडणीकडे बघितलं. तिनेही बघितलं. साडी तिने ओळखली की नाही माहीत नाही.

मी स्टुलावर चढलो. गाठ आवळ होती. कालिंदीची गाठ अशीच असायची, दोनदा फिरवून. काळ्या बोटांनी ती सुटायला वेळ लागला. शोभा खालून म्हणाली, कापू का? मी नको म्हणालो. सुटली. पातेलं खाली दिलं. आत एक तेलाची छोटी बाटली होती, अर्धी, आणि हात पुसायचं फडकं. फडक्यावर जुने काळे डाग होते.

शोभाने पातेलं धुतलं. मी ताक केलं. चिरलेलं सगळं त्यात घातलं, वर झाकण ठेवलं. साडीची घडी करून मी कपाटात ठेवली.

जाताना शोभाने पिशवीतून चार लिंबं काढून ओट्यावर ठेवली. हाताला, म्हणाली. उद्या साहेबलोक असतील.

लिंबं मी दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीसाठी मुग्धाला दिली.

*

रविवारी पहाटे उठून भाजी केली. कालिंदी कोकणातली, ती काळे वाटाणे घालायची. इथे मिळत नाहीत म्हणून पुढे काळे चणे घालायला लागली होती. चणे आधी उकडून ठेवले होते. केळफूल पिळून घेतलं, फोडणीत हिंग सढळ, आमसुलं, गूळ, गोडा मसाला, शेवटी ओलं खोबरं. प्रमाण मला माहीत नव्हतं. वास बरोबर येईपर्यंत घालत गेलो. वास मला माहीत होता.

दोन मोठ्या डब्यांत भरून सियालदहला गेलो, तिथून दक्षिणेच्या फलाटावर चालत, तिथून बालीगंज. मुग्धा घ्यायला आली होती. तिने डबे घेतले आणि माझे हात बघितले. "बाबा, हे जात नाही का?"

"जाईल आठ दिवसांत."

ती डबे घेऊन पुढे चालायला लागली. तिलाही आईचे हात आठवत असणार.

हॉलमध्ये आरती झाली, पानं मांडली. केटररची पोरं पांढऱ्या टोप्या आणि प्लास्टिकचे हातमोजे घालून उभी होती. मी डाव घेऊन डब्यापाशी उभा राहिलो. मधुवंतीबाई आल्या. त्यांनी भाजी बघितली, वास घेतला, छान झालीय म्हणाल्या आणि ते मनापासून होतं. मग हळूच एक हातमोज्यांची जोडी पुढे केली.

"काका, हे घालाल? सगळेच घालतायत. हात जरा… पाहुणे आहेत ना."

त्यांचं चुकलं नव्हतं. मी याहून वाईट बोललो होतो.

"हात स्वच्छ आहेत," मी म्हणालो. "तीनदा साबणाने धुतलेत. हा केळफुलाचा रंग आहे. केळफूल हवं असेल तर हे हात दिसतील."

"काका, मी फक्त…"

"हिचे हात सव्वीस वर्षं असेच होते. तुम्हाला दिसले नाहीत, कारण ती घासून घासून यायची. मी घासणार नाही."

हे मी मोठ्याने बोललो नाही, पण जवळच्या दोन ओळींना ऐकू गेलं. मुग्धा कोशिंबिरीचं भांडं घेऊन मागेच उभी होती. मधुवंतीबाईंनी मोजे परत घेतले. क्षणभर त्यांना कुठे ठेवावे कळेना. मग त्या बाजूला झाल्या.

मी वाढायला सुरुवात केली. पहिल्या ओळीतल्या एका पाहुण्याने माझ्या हाताकडे बघून पानावर हात आडवा धरला. मी थांबलो, हललो नाही. शेजारच्या बाईंनी आणखी मागितलं. त्यांना वाढलं. मग त्या पाहुण्याने हात काढला. दुसऱ्या ओळीत एका म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच घासाला मान हलवली आणि आपल्या सुनेला म्हणाल्या, कालिंदीचं आहे. सून म्हणाली, त्या तर गेल्या. बाई म्हणाल्या, माहीत आहे गं, भाजीचं म्हणतेय. मी पुढे गेलो. वाकून वाकून गुडघा बोंबलत होता. बटाट्याचं भांडं घेऊन केटररचा पोरगा माझ्या मागून येत होता. लोक त्याला पुढे हो म्हणत होते. पुऱ्यांच्या तिसऱ्या फेरीला माझा एक डबा रिकामा झाला.

शेवटच्या ओळीच्या टोकाला उदयराव बसले होते. त्यांनी अर्धी भाजी संपवली होती. मी समोर गेलो तेव्हा ते चावायचे थांबले. जिभेने काहीतरी पुढे आणलं, दोन बोटांनी तोंडातून काढलं आणि पत्रावळीच्या कडेला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत.

काडी होती. अख्खी, बुडासकट. माझ्या हातून राहिलेली.

मी डबा खाली ठेवला. वाकलो. ती काडी त्यांच्या पानावरून काळ्या बोटांनी उचलली आणि माझ्या तोंडात टाकली. चावली. ती शिजत नाहीच. चावून चावून गिळली. उदयराव बघत राहिले.

"एखादी राहते," मी म्हणालो. "चालतं."

आणि न विचारता त्यांच्या पानात आणखी एक डाव वाढला.